जानेवारीतला पेनाइन वे : हिवाळी डोंगरी अल्ट्रामॅरेथॉनची तयारी आणि प्रत्यक्ष धाव

उत्तर इंग्लंडच्या मधोमध पाठीच्या कण्यासारखी पेनाइन डोंगरांची रांग पसरली आहे. डर्बीशरमधील ईडेल या खेड्यातून निघून स्कॉटलंडच्या हद्दीतील कर्क येटम या गावी पोचणारी ‘पेनाइन वे’ ही पायवाट या रांगेच्या माथ्यावरून जाते. तिची लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३१ किलोमीटर आहे. १९६५ मध्ये ती खुली झाली आणि २०१२ मध्ये या वाटेवर, ऐन जानेवारीत, ‘स्पाइन रेस’ ही शर्यत प्रथम भरली. पूर्ण अंतरासाठी १६८ तास, म्हणजे सात दिवस मिळतात आणि घड्याळ मधे कधीच थांबत नाही. झोप, जेवण, कपडे बदलणे, वाट चुकून परत येणे हे सारे त्याच सात दिवसांत करायचे असते.

उंचीचे आकडे ऐकून सह्याद्रीत हिंडलेला माणूस हसण्याची शक्यता आहे. किंडर स्काउट ६३६ मीटर, पेन-ई-गेंट ६९४ मीटर आणि पेनाइनमधील सर्वोच्च क्रॉस फेल अवघे ८९३ मीटर. आपला सिंहगडसुद्धा तेराशे मीटरच्या वर आहे. मीही असाच हसलो होतो. लीड्सला राहायला आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, मार्चमध्ये राजगड-तोरणा करणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासाने मी किंडरवर गेलो आणि दोन तासांत दात वाजवत खाली उतरलो. या लेखात ज्या चुका टाळायला सांगितल्या आहेत त्यांतील बऱ्याचशा मी स्वतः केलेल्या आहेत. त्यांतील सर्वांत मोठी चूक अशी की मी सगळी तयारी धावण्याची केली आणि धावणे थांबल्यानंतरची काहीच केली नाही.

आधी ही थंडी समजून घ्यावी

जानेवारीत पेनाइनच्या माथ्यावर तापमान बहुधा शून्याच्या आगेमागे असते. लडाखच्या उणे १५ अंशांपुढे ते काहीच नाही असे वाटेल, पण लडाखची थंडी कोरडी असते. तिथे अंगावर पडलेला बर्फ झटकून टाकता येतो. पेनाइनमध्ये एक-दोन अंशांवर आडवा पाऊस येतो, तासाभराने त्याचा ओला बर्फ होतो, पुन्हा पाऊस होतो आणि खाली काळ्या पीटची (कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीची) दलदल घोट्यापर्यंत, क्वचित मांडीपर्यंत पाय ओढून घेते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात वारा मिळाला की हिशोब आणखी बिघडतो : तापमान २ अंश आणि वारा ताशी ५० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे ५ अंशांसारखे जाणवते, आणि कातडी ओली असेल तर त्याहून वाईट. क्रॉस फेलच्या नैर्ऋत्य उतारावरून खाली कोसळणाऱ्या ईशान्य वाऱ्याला तर स्वतःचे नाव आहे, ‘हेल्म विंड’. ब्रिटनमध्ये असे नाव मिळालेला हा एकमेव वारा आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. स्वस्थ बसलेले शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते, तर डोंगरात धावताना हा आकडा सहा-आठ पट होतो. म्हणूनच पहिल्या ४० किलोमीटरमध्ये पातळ बनियन आणि जॅकेट एवढ्यावर माणूस ऊबदार राहतो आणि आपण थंडी जिंकली अशी त्याची समजूत होते. रात्री दोन वाजता, गुडघा दुखू लागल्यावर, तोच माणूस ताशी तीन किलोमीटरने लंगडत चाललेला असतो आणि त्याच्या शरीरातली भट्टी निम्म्याहून कमी जळत असते, तेव्हा तेच कपडे अपुरे पडतात. त्यामुळे या शर्यतीची प्रत्येक वस्तू निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मी थकून, भिजून, अत्यंत सावकाश चाललो असेन तेव्हा ही मला पुरेल का?

कोणते अंतर निवडावे

पूर्ण २६८ मैलांच्या वाटेला थेट जाऊ नये. याच वाटेच्या दक्षिण टोकाला दोन लहान शर्यती होतात : ईडेलहून हेब्डनजवळच्या पहिल्या चेकपॉइंटपर्यंतची ४६ मैलांची आणि ईडेलहून हॉझजवळील हार्ड्रॉपर्यंतची १०८ मैलांची, म्हणजे सुमारे १७४ किलोमीटरची, जिला ६० तास मिळतात. पुढचा सर्व सल्ला मी १०८ मैलांची शर्यत डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे, कारण तिच्यात दोन रात्री येतात आणि हिवाळी अल्ट्राचा (मॅरेथॉनहून लांब धावेचा) खरा धडा दुसऱ्या रात्रीच मिळतो. या अंतरात एकूण चढ साडेपाच हजार मीटरच्या आसपास आहे. आतकरवाडीतून सिंहगडाचा एक चढ सुमारे ६०० मीटरचा धरला, तर हे नऊ वेळा सिंहगड चढण्यासारखे आहे, फक्त मधली वाट चिखलाची आणि बरीचशी अंधाराची.

त्याआधी किमान एक १०० किलोमीटरची डोंगरी धाव आणि एक संपूर्ण रात्र बाहेर काढल्याचा अनुभव असावा. महाराष्ट्रातून येणाऱ्यासाठी डिसेंबरमधील सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा चांगली पायरी आहे, पण ती थंडीची परीक्षा मानू नये.

सहा महिन्यांचा सराव

धावण्याच्या वेगाकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. या शर्यतीत मधल्या फळीतला माणूस बहुतांश अंतर भराभर चालतो, म्हणून सराव चालण्याचाच हवा : पाठीवर पाच ते सात किलोची सॅक, हातात चालताना टेकायचे पोल, आणि चढावर धाप न लागता तासन्‌तास टिकणारी चाल. आठवड्यातून चार दिवस पुरेत. त्यांतील दोन दिवस शनिवार-रविवार लागोपाठ असावेत, म्हणजे शनिवारच्या सहा-सात तासांनंतर जड झालेले पाय घेऊन रविवारी पुन्हा चार-पाच तास चालता येईल. आठवड्यात एकदा पायऱ्या, स्क्वॉट आणि पोटरीचे व्यायाम करावेत. दलदलीतून चालताना पोटरी आणि नडगीच्या स्नायूंवरही बराच ताण येतो, आणि ते लवकर संप पुकारतात.

भारतात राहून या हवामानाचा सराव करायचा असेल, तर मला हिमालयातील हिवाळ्यापेक्षा सह्याद्रीचा जुलै अधिक उपयोगी वाटतो. तापमान जुळत नाही हे खरे, परंतु तोरण्याच्या बुधला माचीवर भर पावसात, दहा फुटांपलीकडे काही न दिसणाऱ्या धुक्यात, ओल्या कपड्यांनी सहा तास काढले की ओलेपणाचे व्यवस्थापन शिकता येते : जॅकेट कधी घालायचे, घाम कुठे साचतो, कोणती शिवण मांडी सोलते, सॅकमधले काय भिजते. (ओढ्याला लोंढा असेल तर सराव बुडवावा, शर्यत पुढच्या वर्षीही असते.) ज्यांना डिसेंबरात उत्तराखंडात किंवा हिमाचलात जाता येईल त्यांनी तिथे जाऊन बर्फावर स्पाइक (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते) बांधून चालण्याची सवय करावी.

एक सराव घरीच करता येतो आणि तो कोणीच करत नाही. बादलीत बर्फाचे पाणी घ्यावे, दोन्ही हात मनगटापर्यंत दोन मिनिटे बुडवून ठेवावेत आणि मग ओल्या हातांनी पुढील कामे क्रमाने करावीत : जॅकेटची चेन लावणे, बुटाची नाडी बांधणे, हेडटॉर्चच्या बॅटऱ्या बदलणे, स्पाइक बुटावर चढवणे, चिक्कीचे पाकीट फोडणे, फोनवर नंबर लावणे. पहिल्यांदा मला यांतील नाडी आणि बॅटरी जमली नाही. त्या संध्याकाळी मी सॅकच्या आणि जॅकेटच्या प्रत्येक चेनला बोटभर लांबीची दोरी बांधली, बॅटऱ्या बदलण्याऐवजी पूर्ण चार्ज केलेला दुसरा टॉर्चच बरोबर घ्यायचे ठरवले आणि खाऊची सर्व पाकिटे आधीच कापून झिप-पिशवीत रिकामी करण्याची सवय लावून घेतली.

कपडे

अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. सुती कापड घामाने आणि पावसाने भिजून अंगाला चिकटते व वाळत नाही, म्हणून रुमालसुद्धा सुती घेऊ नये. त्यावर पातळ फ्लीस, आणि त्यावर शिवणींना आतून पट्टी लावलेले, टोपीसह असलेले वॉटरप्रूफ जॅकेट. शर्यतींसाठी विकली जाणारी शंभर-दीडशे ग्रॅमची जॅकेटे दोन तासांच्या सरीसाठी उत्तम आहेत, वीस तासांच्या पावसासाठी नाहीत. इथे थोडे वजन वाढले तरी जाड कापडाचे जॅकेट घ्यावे. विजारीचेही तेच. टोपीच्या काठाला तार किंवा कडक पट्टी हवी, नाहीतर वाऱ्यात टोपी डोळ्यांवर येते.

या सर्वांहून महत्त्वाचा कपडा सॅकमध्ये असतो : कृत्रिम कापसाचे फुगीर जॅकेट, एक माप मोठे, म्हणजे ते ओल्या वॉटरप्रूफ जॅकेटच्या वरून चढवता येईल. पिसांचे जॅकेट हलके आणि अधिक ऊबदार असते, पण भिजले की पिसे गोळा होतात आणि ऊब संपते. वरून घालायचे यासाठी की थांबल्यावर वाऱ्यात उभे राहून आधी ओले जॅकेट काढणे हेच अंगातली उरलीसुरली ऊब घालवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. हे जॅकेट सॅकच्या तळाशी ठेवू नये. ते सर्वांत वर, एकटे, एका वॉटरप्रूफ पिशवीत असावे.

माझी पहिली शर्यत याच कारणाने संपली. मॅलम टार्न या तळ्याजवळच्या थांब्यावर मी भिजलेल्या जॅकेटमध्ये चहा घेत पंधरा मिनिटे गप्पा मारत उभा राहिलो. थंडी वाजत आहे हे कळले तेव्हा निघालो, ते फाउंटन्स फेलच्या चढावर अंग तापेल या आशेने. अंग तापले नाही, कारण पाय एव्हाना वेगाने चालतच नव्हते. माथ्याजवळ खाण्यासाठी उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, तो वाऱ्याने नेला. फुगीर जॅकेट स्लीपिंग बॅगच्याही खाली होते आणि सॅकचा पट्टा सोडवायला बोटे वळत नव्हती. मागून आलेल्या एका बाईंनी माझी सॅक उघडली, जॅकेट माझ्या अंगावर चढवले, स्वतःच्या जादा हातमोज्यांची जोडी दिली आणि फाउंटन्स फेल व पेन-ई-गेंट यांच्या मधल्या डांबरी रस्त्यापर्यंत सोबत केली. तिथे मी शर्यत सोडली.

तेव्हापासून माझे हातमोजे मनगटाला इलॅस्टिकने बांधलेले असतात, लहान मुलांचे असतात तसे. हातांसाठी तीन जोड्या घ्याव्यात : धावताना घालायची पातळ, तिच्यावरून घालायची बोटे एकत्र ठेवणारी वॉटरप्रूफ, आणि झिप-पिशवीत सीलबंद ठेवलेली जाड कोरडी जोडी, जी खरी वेळ येईपर्यंत उघडायची नाही. हात गार पडल्यावर हातमोजे चढवून उपयोग नसतो, कारण हातमोजा ऊब धरून ठेवतो, निर्माण करत नाही. वाऱ्याच्या बाजूला वळण्याआधीच, हात गरम असतानाच, वरचा थर चढवावा.

सॅक आणि सक्तीची यादी

स्पाइनच्या सक्तीच्या यादीत स्लीपिंग बॅग, मॅट, बिव्ही बॅग (स्लीपिंग बॅगेवरून चढवायची वॉटरप्रूफ खोळ), स्टोव्ह आणि इंधन, गॉगल, बुटांचे स्पाइक, हेडटॉर्च, नकाशा, होकायंत्र, जीपीएस, शिट्टी, प्रथमोपचार अशा वस्तू असतात आणि त्या सुरुवातीला व वाटेत कुठेही तपासल्या जातात. आपल्या वर्षाची यादी आयोजकांच्या सूचनांतून नीट वाचून घ्यावी. ही यादी पाहून नवख्या धावपटूचा पहिला विचार असतो की नियमात बसेल असे सर्वांत हलके काय मिळेल. कागदासारखी पातळ उन्हाळी स्लीपिंग बॅग घेऊन नियम पाळता येतो, पण क्रॉस फेलवर घोटा मुरगळून बचाव पथकाची चार-पाच तास वाट पाहायची वेळ आली तर त्या बॅगेत पडून राहता येईल का, हे घराच्या गच्चीवर एका थंड रात्री तपासून पाहावे.

अशा यादीचे मोल चीनमधील गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी झालेल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीने फार कठोरपणे दाखवून दिले. वारा आणि गार पाऊस अचानक आला तेव्हा आघाडीचे धावपटू उघड्या डोंगरउतारावर, बहुतेक अर्ध्या विजारीत आणि टी-शर्टमध्ये होते. वाराप्रतिबंधक जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचे नव्हते. १७२ पैकी २१ जण थंडीने गेले, त्यांत देशातले नावाजलेले धावपटू होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळाने त्यांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवले म्हणून. तो मे महिना होता, हे लक्षात घ्यावे.

पाय

पाय ओले होणार हे धरूनच चालावे. बूट नेहमीपेक्षा अर्धे माप मोठे, तळाला खोल खाचा असलेले घ्यावेत. वॉटरप्रूफ मोज्यांबद्दल मतभेद आहेत : दलदलीत वरून पाणी शिरले की ते आतच राहते, पण ते अंगाच्या उष्णतेने कोमट होते आणि नव्या गार पाण्याला अडवते, म्हणून मी ते आत एक पातळ मोजा घालून वापरतो. निघण्याआधी तळव्यांना आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन किंवा लॅनोलिनचे मलम भरपूर चोळावे. चेकपॉइंटवर बूट-मोजे काढून पाय किमान अर्धा तास उघडे ठेवावेत. भरपूर धुणे धुतल्यावर बोटे होतात तसे पांढरे, सुरकुतलेले तळवे दिसले तर घाबरू नये, पण ते कोरडे होऊन रंग परत येईपर्यंत पुढे निघू नये.

दलदल संपते तिथे दुसरी अडचण सुरू होते. पीट वाचवण्यासाठी वाटेवर लँकेशरच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांतील फरशा अंथरल्या आहेत. ओल्या फरशीवर रात्री बर्फाचा काचेसारखा पापुद्रा धरतो आणि टॉर्चच्या उजेडात तो पाण्यासारखाच दिसतो. शंका आली की लगेच स्पाइक बांधावेत, एकदा घसरून पडल्यानंतर नव्हे.

खाणे-पिणे

ताशी दोनशे ते तीनशे कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत, भूक असो वा नसो. थंडीत खाणे हे इंधनच असते. पोट रिकामे असलेल्या माणसाला कुडकुडून अंग तापवणेही जमत नाही. तोंड गोडाला विटते, म्हणून निम्मे खारट असावे. शर्यत संक्रांतीच्या सुमारास येते, तेव्हा पहिल्या वर्षी मी हौसेने तिळगुळाचे लाडू नेले होते. शून्य अंशात कडक पाकाचा लाडू आणि पेनाइनचा गारगोटी दगड यांत फार फरक राहत नाही. गुळपोळी मात्र उत्तम चालते : ती चपटी असते, खिशात राहते, अंगाच्या उबेने मऊ पडते आणि तिच्यात तीळ, गूळ, बेसन, तेल असे सगळेच असते. तिचे चतकोर करून छातीवरच्या खिशात ठेवावेत. बटाट्याचे पराठे, खारे शेंगदाणे, चीज, बी काढलेले खजूर हेही चांगले.

पाण्याच्या नळीत पाणी गोठते, म्हणून प्रत्येक घोटानंतर नळीतले पाणी फुंकून परत पिशवीत ढकलावे, किंवा सरळ बाटल्या वापराव्यात आणि त्या उलट्या ठेवाव्यात. बर्फ वरून धरतो, तेव्हा झाकणाकडची बाजू मोकळी राहते. पाणी गाळण्याचा फिल्टर गोठला की आतून फाटतो आणि बाहेरून धड दिसतो. तो रात्री आतल्या खिशात असावा. तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत. तासाला अर्धा लिटर एवढा साधा हिशोब ठेवावा आणि लघवीचा रंग पाहत राहावे.

क्रॉस फेलच्या पलीकडे ग्रेग्स हट नावाची दगडी झोपडी आहे. पूर्ण अंतराच्या शर्यतीत स्वयंसेवक तिथे गरम नूडल्स करून देतात, आणि त्या वाटीसाठी माणसे शंभर मैल चालतात असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती नाही.

वाट, अंधार आणि झोप

जानेवारीत इथे उजेड जेमतेम आठ तास असतो. सकाळी आठ-सव्वाआठला सूर्य उगवतो, चारच्या सुमारास मावळतो. म्हणजे साठ तासांच्या शर्यतीत निम्म्याहून जास्त वेळ टॉर्चच्या वर्तुळात जातो. जीपीएसवर वाट आधीच भरून ठेवावी, पण नकाशा आणि होकायंत्र गळ्यात असावे आणि ते वापरता यावे. ब्लीकलोच्या पठारावर पीटच्या घळींचे जाळे आहे. तिथे धुक्यात प्रत्येक घळ योग्यच वाटते. वाट चुकल्याची शंका आली की पुढे जाऊन सापडेल या आशेवर न राहता शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे यावे. दहा मिनिटे वाया जातात, तासभर वाचतो. फोन विमान-स्थितीत, अंगालगतच्या खिशात ठेवावा, कारण थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडते. सुट्या बॅटऱ्या घ्यायच्याच असतील तर लिथियमच्या घ्याव्यात. साध्या अल्कलाइन थंडीत लवकर मान टाकतात.

दुसऱ्या रात्री भास होतात. मला कॅम रोडवर दगडी भिंतीशेजारी रांगेत बसलेले वारकरी दिसले, अगदी टाळांसह. जवळ गेल्यावर मेंढ्या होत्या. भास ही वेडाची खूण नव्हे, मेंदू झोप मागत असल्याची पावती आहे. चेकपॉइंटवर दीड तासाची एक झोप घ्यावी आणि ती दुसऱ्या रात्रीचा अंधार पडण्यापूर्वी किंवा मध्यरात्रीआधी घेतलेली बरी. उघड्या डोंगरावर ‘पाच मिनिटे टेकतो’ हा विचार आला तर टेकू नये. झोप अनावर असेल तर मॅट अंथरून, फुगीर जॅकेट घालून, बिव्हीत शिरून, गजर लावूनच डोळे मिटावेत.

चेकपॉइंटवरचा क्रम

ऊबदार खोलीत शिरल्यावर डोके काम करायचे थांबते, म्हणून क्रम एका कार्डावर लिहून ड्रॉप बॅगेत (आयोजक चेकपॉइंटवर पोचवतात त्या सामानाच्या पिशवीत) वर ठेवावा. माझा असा आहे : ओले कपडे काढून कोरडे घालणे, पाय उघडे करणे, टॉर्च आणि घड्याळ चार्जिंगला लावणे, गरम जेवण, झोप, मग पाय पुन्हा मलम लावून बांधणे, पुढच्या टप्प्याचा खाऊ व पाणी भरणे, आणि दाराबाहेर पडण्यापूर्वीच सर्व थर चढवून घेणे. गप्पा जेवतानाच माराव्यात. २०१९ मध्ये ही पूर्ण शर्यत ८३ तास १२ मिनिटांत जिंकून सर्व पुरुषांना मागे टाकणारी जॅस्मिन पॅरिस तर या थांब्यांवर आपल्या चौदा महिन्यांच्या मुलीसाठी दूधही काढून ठेवत होती, आणि तिने सगळ्या शर्यतीत मिळून झोप जेमतेम तीन तासांची घेतली. तिची झोप आपण अनुकरू नये. थांब्यावरची तिची शिस्त अनुकरावी.

थंडी अंगात शिरू लागली तर

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो, पण डोंगरात थर्मामीटर कोणी लावत नाही. चार खुणा पाठ कराव्यात : माणूस अडखळू लागतो, पुटपुटू लागतो, चाचपडू लागतो आणि चिडचिड करू लागतो. या खुणा स्वतःला कळत नाहीत, म्हणून रात्री शक्यतो जोडीने चालावे आणि सोबत्याला अधूनमधून साधे प्रश्न विचारावेत : पुढचा थांबा कोणता, आज वार कोणता. त्याने ‘मला एकट्याला सोड’ असे तोडून म्हटले तर रागावू नये आणि सोडूही नये.

सुरुवातीच्या अवस्थेत, कुडकुडणे जोरात चालू असताना, उपाय साधा आहे. भिंतीच्या आडोशाला जावे, फुगीर जॅकेट वरून चढवावे, कोरडी टोपी आणि हातमोजे घालावेत, गोड काहीतरी खावे आणि चालू लागावे, तेही चढापेक्षा जवळच्या उताराकडे किंवा रस्त्याकडे. पाच-दहा मिनिटांत फरक पडला नाही तर पुढचा डोंगर चढू नये.

अंग गार असूनही कुडकुडणे थांबले असेल, बोलणे बरळल्यासारखे येत असेल, किंवा माणूस गरम होते म्हणून कपडे काढू लागला, तर मामला गंभीर आहे. त्याला चालवू नये. खाली मॅट टाकून बिव्ही बॅगेत आडवे करावे, जमिनीपासून वेगळे ठेवावे, शक्य असेल तर ओले कपडे बदलावेत आणि आजूबाजूला आणखी कोणी असल्यास दोन्ही बाजूंनी आडोसा करावा. हातपाय चोळू नयेत, दारू देऊ नये. गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय द्यावे. ट्रॅकरवरील (धावपटू कुठे आहे हे दाखवणाऱ्या यंत्रावरील) एसओएस कळ दाबावी आणि ९९९ या ब्रिटनच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून आधी पोलीस व मग माउंटन रेस्क्यू मागावे. नेटवर्क क्षीण असेल तर ९९९ ला एसएमएसही करता येतो, परंतु त्यासाठी फोनची नोंदणी आधीच केलेली असावी लागते. ती ईडेलला येण्यापूर्वी करावी. शिट्टीचा संकेत असा : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा वेळा. येणारे पथक स्वयंसेवकांचे असते, अंथरुणातून उठून आलेल्यांचे, आणि त्यांना यायला काही तास लागतात.

अनुभवाने थंडीपासून सूट मिळत नाही. २०१९ मध्येच, जॅस्मिन पॅरिसच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर धावणाऱ्या आणि पूर्वी हीच शर्यत जिंकलेल्या स्पॅनिश धावपटूला शेवटच्या काही किलोमीटरवर थंडीने गाठले आणि त्याची सुटका करावी लागली.

थांबायचे कधी, हे डोके ताळ्यावर असताना घरी ठरवून कार्डावर लिहावे. माझ्या कार्डावर तीन ओळी आहेत : स्वतःच्या जॅकेटची चेन स्वतःला लावता आली नाही तर, तीन तासांत पोटात काहीच राहिले नाही तर, कोरडे हातमोजे संपले तर. यांतील एकही गोष्ट घडली की पुढचा टप्पा रद्द. दुसऱ्या प्रयत्नात एकही घडली नाही आणि मी हार्ड्रॉला ५५ तासांनी पोचलो, म्हणजे शेवटून बराच जवळ.

पोचल्यानंतर

त्या दिवशी गाडी चालवू नये; झोपेविना चालवणारा धावपटू डोंगरावर होता त्याहून रस्त्यावर अधिक धोकादायक असतो. पाय सुजून दोन मापे मोठे होतात, म्हणून ड्रॉप बॅगेत एक मोठ्या मापाची, पट्टे सैल होणारी सँडल असू द्यावी. पहिल्याच तासात कढत पाण्याच्या टबात शिरण्याचा मोह टाळावा, बधिर पायांना पाणी किती कढत आहे हे कळत नाही. बोटांना मुंग्या येणे आणि टोके बधिर राहणे दोन-तीन आठवडे चालू शकते, पण बोट काळपट, फोड आलेले किंवा टणक झालेले दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सॅक मात्र लगेच उपसून वाळत घालावी. स्लीपिंग बॅग ओली राहिली तर आठवड्याभरात तिला बुरशी धरते, आणि आतल्या खिशात विसरलेली गुळपोळी घरातल्या मुंग्यांना तुमच्याआधी सापडते.